रेडिओतली टिकटिक नेमकी येते कुठून? दिशा आणि वेळ मोजून उगम शोधताना

वारणाकाठ

आमचं गाव शिराळा तालुक्याच्या पश्चिम अंगाला, वारणेच्या अलीकडच्या काठावर. अण्णा आता ७९ वर्षांचे आहेत. दिवेलागणीला ओसरीवर बसून ते आकाशवाणी सांगली लावतात, मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ. सांगली इथून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, त्यामुळे स्टेशन मुळातच जरा दबकं लागतं. गेल्या दिवाळीपासून त्यात टिकटिक सुरू झाली. टक्, मग सेकंदाहून थोडं जास्त थांबून पुन्हा टक्. अंधार पडला की सुरू, तांबडं फुटलं की बंद. बातम्यांतलं प्रत्येक चौथं-पाचवं अक्षर खाऊन टाकते. अण्णांना आधीच कमी ऐकू येतं. हल्ली ते रेडिओ लावतात आणि दहा मिनिटांत बंद करून आत जातात. ते बघून मी हे मनावर घेतलं.

पहिली गोष्ट तपासली ती वीज. रेडिओ सेलवर चालतो, आणि गावाची लाईट गेली तरी टिकटिक चालूच राहते. म्हणजे कुणाच्या घरातला दिवा किंवा चार्जर नव्हे. गावात लोक मोबाईल टॉवरकडे बोट दाखवतात, पण टॉवर दिवसाही चालूच असतो. कुणाच्या दारात जाऊन ‘तुमच्यामुळं होतंय’ म्हणायच्या आधी मला खात्री हवी होती.

मग दिशा शोधली. मध्यम लहरींच्या ट्रान्झिस्टरमध्ये लांबट बाजूला समांतर अशी फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तारेचे वेढे. तीच त्याची अँटेना. लहर ज्या दिशेनं येते त्याच दिशेला कांडीचं टोक रोखलं, तर वेढ्यांमधून चुंबकीय क्षेत्र जवळपास जातच नाही आणि आवाज मरतो. आडवी धरली की आवाज भरपूर. गंमत अशी की भरपूर आवाजाची दिशा सापडत नाही, वीस-तीस अंश फिरवलं तरी फरक कळत नाही. आवाज मरायची जागा मात्र टोकदार असते. आधी सांगली स्टेशनवरच सराव केला. सांगली आमच्या पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे. रेडिओचं टोक तिकडं केलं की निवेदकाचा आवाज बुडतो. रीत बरोबर बसली.

मग स्टेशनच्या बाजूला काटा सरकवून नुसती टिकटिक ऐकत तीन ठिकाणांहून रेषा घेतल्या: घर, शाळेचं पटांगण आणि नदीकडचा पाणवठा. पहिल्या दोन रेषा गावाच्या वायव्येला, ऊस आणि भुईमुगाच्या पट्ट्यात एकमेकींना छेदतात. तिसरी भलतीकडंच जाते. आता काय करावं? वेळ मोजूनही उगम शोधता येतो असं वाचलंय, ते आमच्यासारख्याला जमेल का?

कासपठार

धागा फार आवडला. मी साताऱ्याचा, हौशी रेडिओ परवाना आहे. आवाज मरायच्या दिशेला आम्ही ‘नल’ म्हणतो, आणि तुम्ही योग्य टोकापासून सुरुवात केलीत.

तिसरी रेषा का चुकली याचा माझा अंदाज: पाणवठ्याजवळून विजेची किंवा टेलिफोनची तार जाते का? लांब तार अशा लहरी गोळा करते आणि स्वतःच पुन्हा सोडते. मग तुमची कांडी खऱ्या उगमाऐवजी तारेकडं बघते. तारेपासून निदान शंभर पावलं लांब उघड्या रानात जा आणि पुन्हा घ्या.

आणखी दोन गोष्टी. मोबाईलमधला होकायंत्र वापरत असाल तर तो रेडिओला टेकवू नका. स्पीकरचं लोहचुंबक सुई कुठल्या कुठे नेतं. रेडिओची दिशा जमिनीवर काठीनं आखा, रेडिओ बाजूला ठेवा, मग काठीवर मोबाईल धरा. दुसरं, उगमाच्या फार जवळ ही रीत दगा देते. १२५१ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २४० मीटर. तिच्या साधारण सहाव्या भागाच्या आत, म्हणजे चाळीसेक मीटरच्या आत, लहर अजून नीट ‘लहर’ झालेली नसते आणि नल धूसर होतो. तिथून पुढं कान आणि डोळे.

माणदेशी

अंधारात सुरू, पहाटे बंद, सेकंदाहून थोड्या जास्त अंतरानं ठोका. वारणाकाठदादा, हे झटका मशीन आहे. आमच्याकडं रानडुकरांसाठी लावतात, तुमच्याकडं चांदोलीच्या जंगलातून गवे येत असतील. सौर पॅनेल, बॅटरी आणि तारेत ठोक्यानं झटका. नीट बसवलेलं मशीन रेडिओत फार आवाज करत नाही. कुठंतरी ठिणगी पडत असणार.

वारणाकाठ

@माणदेशी, अगदी पटलं. वायव्येच्या त्या पट्ट्यात तीन जणांची कुंपणं लागून आहेत, तिघांचीही झटका मशीनं. गवा एका रात्रीत अर्धा एकर ऊस तुडवतो, त्यामुळे कुंपण काढा असं कुणाला म्हणणार नाही. पण तिघांपैकी कुणाचं, हा प्रश्न उरलाच.

@कासपठार, पाणवठ्यावरून खरंच ११ केव्हीची लाईन जाते. लांब जाऊन पुन्हा रेषा घेतली. आता तिन्ही रेषा मिळून एक लहान त्रिकोण होतो, बाजू दीडेकशे मीटर. त्यात तिन्ही कुंपणांचे कोपरे येतात.

तारयंत्र

दूरसंचार खात्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

त्रिकोण येणं हे चांगलं लक्षण आहे. तीन रेषा अगदी एका बिंदूत मिळाल्या असत्या तर मी शंका घेतली असती. दिशेच्या प्रत्येक मोजमापात चूक असते. तुमच्या रीतीत ती पाच अंश धरा. पाच अंश म्हणजे ५०० मीटरवर ४४ मीटर, आणि १० किलोमीटरवर जवळपास ९०० मीटर. म्हणून नकाशावर रेषा काढू नका, पाचरीसारखा पट्टा काढा, लांब जाईल तसा रुंद होणारा. पट्टे जिथं एकमेकांवर पडतात तो तुमचा शोधायचा प्रदेश. दोन पट्टे काटकोनात छेदले तर तो प्रदेश आटोपशीर येतो. एकमेकांना जवळजवळ समांतर असतील तर लांबलचक पट्टी येते आणि तिचा काही उपयोग नसतो. मोजणी तीच, माणूस तोच, फक्त उभं राहायची जागा चुकली की उत्तर बिघडतं.

आता वेळ. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. सिग्नल केव्हा निघाला हे माहीत असेल तर पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं आणि नकाशावर वर्तुळ काढता येतं. पण तुमची ठिणगी काही वेळ सांगून पडत नाही. तेव्हा उपाय असा: दोन ठिकाणी घड्याळं लावा आणि तोच ठोका कुठं किती आधी पोचला एवढंच बघा. निघायची वेळ वजाबाकीत उडून जाते. ‘अ’पेक्षा ‘ब’ला तो एक मायक्रोसेकंद उशिरा पोचला, म्हणजे उगम ‘ब’पासून ३०० मीटर जास्त लांब. अशा सगळ्या बिंदूंची मिळून जी वक्ररेषा होते तिला शाळेत आपण अपास्त म्हणून शिकलो. तिसरं घड्याळ लावलं की दुसरा अपास्त मिळतो, आणि दोघं छेदतात तिथं उगम.

हे तंत्र रेडिओच्याही आधी आवाजावर वापरलं गेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांनी मायक्रोफोनची रांग लावून शत्रूच्या तोफा अशाच शोधल्या. दुसऱ्या महायुद्धात गी आणि लोरान या यंत्रणांनी तेच उलटं केलं: ठोके देणारी केंद्रं जमिनीवर ठरलेल्या जागी, आणि जहाज किंवा विमान फरक मोजून स्वतःची जागा ओळखायचं.

आणि रोजच्या वापरातलं उदाहरण खिशातच आहे. जीएसएमच्या, म्हणजे टू-जीच्या काळात टॉवर प्रत्येक फोनला ‘किती लवकर बोल’ हे सांगायचा, कारण लांबच्या फोनचा सिग्नल उशिरा पोचतो. त्या आकड्याची एक पायरी म्हणजे सुमारे ५५० मीटर. एलटीईमध्ये, म्हणजे फोर-जीत, ती ७८ मीटरवर आली. टॉवरवर साधारण तीन बाजूंना तोंड करून अँटेना असतात, त्यांवरून ढोबळ दिशा कळते. एकाच टॉवरवरून वेळेनं अंतर आणि अँटेनानं बाजू, म्हणजे नकाशावर एक कमान मिळते. दोन्ही मापं एकत्र आणली की एकट्या केंद्रालाही बरंच सांगता येतं.

कोयनेकाठचा

तारयंत्रकाका, वाचताना आमच्या पाटणकडची गोष्ट आठवली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. वडील सांगायचे, आधी खालून एक धक्का आला आणि मग घर हलायला लागलं. भूकंपाच्या दोन लहरी वेगवेगळ्या वेगानं धावतात. पहिली सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास, दुसरी साडेतीनच्या. दोन्हींमध्ये एका सेकंदाचं अंतर म्हणजे केंद्र अंदाजे आठ किलोमीटर लांब. त्यामुळे एकाच नोंदणी केंद्रावरून अंतर कळतं, तीन केंद्रांवरून जागा. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजतो तेही हेच, तीन सेकंदांना एक किलोमीटर.

रेडिओत मागून येणारी अशी सावकाश लहर नसते, म्हणून दुसरं घड्याळ लागतं, असं मला समजलं. बरोबर ना?

तारयंत्र

अगदी बरोबर. इतक्या नेमक्या शब्दांत मला सांगता आलं नव्हतं.

हळदबाजार

माझा मोबाईल गेल्या महिन्यात बसमधून चोरीला गेला. तो या रीतीनं सापडेल का?

तारयंत्र

घरी बसून नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. टॉवरची मोजमापं कंपनीकडं असतात आणि ती कायदेशीर मार्गानं पोलिसांनाच मिळतात. तक्रार नोंदवा आणि संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. तिथं आयएमईआय क्रमांक लागतो, तो जुन्या बिलावर किंवा खोक्यावर सापडेल.

कासपठार

वेळ की दिशा, यावर माझा एक अनुभव सांगतो, कारण तो साताऱ्याच्या डोंगरांनी शिकवलाय.

आम्ही काही जण ‘कोल्हा शोध’ खेळतो. एक जण परवानाधारक छोटा ट्रान्समीटर दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, लपवून ठेवतो आणि बाकीचे हातातल्या यागी अँटेनानं (ती एकाच दिशेला जास्त ऐकते) तो शोधतात. पीव्हीसी पाइपवर लोखंडी मोजपट्टीचे तीन तुकडे लावून माझी यागी बनली. झाडीत वाकते आणि पुन्हा सरळ होते, म्हणून पट्टी.

एकदा कोल्हा, म्हणजे तो ट्रान्समीटर, साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या बाजूला होता आणि मी किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला. अजिंक्यताऱ्यानं सरळ वाट अडवली होती. माझी अँटेना ठामपणे यवतेश्वर दाखवत होती. तासभर मी त्या घाटात वरखाली केलं. तिथं काहीच नव्हतं. डोंगराच्या कड्यावर आपटून आलेला सिग्नल मला सरळ आलेल्यापेक्षा जोरात मिळत होता. जोर म्हणजे जवळ किंवा सरळ, हे मी त्या दिवसापासून मानत नाही.

वेळेचं मोजमाप इथं वेगळं वागतं. आपटून आलेली लहर जास्त वाट चालून येते, म्हणून ती नेहमी उशिराच पोचते, लवकर कधीच नाही. दिशेची चूक डावीकडं होईल की उजवीकडं ते सांगता येत नाही. वेळेची चूक मात्र एकाच बाजूला होते. त्यामुळे पहिला आलेला ठोका धरायचा, सगळ्यात मोठा आलेला नाही.

संगमावरची

कासपठारदादा, एक छोटी भर. एका केंद्राची वेळ नेहमी उशिराकडंच चुकते हे खरं, पण आपण दोन केंद्रांची वजाबाकी करतो. कुठल्या केंद्राला डोंगराआडून आलेली लहर मिळाली ते माहीत नसेल तर फरक दोन्हीकडं चुकू शकतो. म्हणून दोनपेक्षा जास्त केंद्रं हवीत, एक खोटं बोललं तर बाकीच्यांशी जुळत नाही आणि पकडलं जातं.

मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकते, घर हरिपूरला. वारणाकाठकाका, तुमची टिकटिक वेळेनं मोजायला अगदी योग्य आहे. सरळ एकसुरी वाजणाऱ्या सिग्नलवर हे जमत नाही, कारण त्यात ‘इथून सुरू झालं’ अशी खूणच नसते. ठिणगी अगदी अरुंद आणि तिचा पसारा खूप मोठ्या पट्ट्यावर, त्यामुळे ती मध्यम लहरीत ऐकू येते तशी ५० मेगाहर्ट्झलाही मिळेल. माझ्याकडं दोन आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचे छोटे रेडिओ रिसीव्हर), दोन लॅपटॉप आणि दोन जीपीएस मॉड्यूल आहेत. येऊ का?

वारणाकाठ

जरूर ये बाळ. मुक्कामालाच ये, रात्रीचं काम आहे. आई म्हणते, घरच्यांनाही घेऊन ये.

संगमावरची

(पंधरा दिवसांनी धागा वर आणतेय.)

बाबा आणि मी जाऊन आलो. केलं ते सगळं लिहिते, म्हणजे कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

खरी अडचण घड्याळाची. डोंगल सिग्नलचे सेकंदाला २४ लाख नमुने घेतो, म्हणजे एक नमुना सुमारे १२५ मीटरचा. त्याची वेळ राखणारा स्फटिक दहा लाखांत एकानं जरी चुकला तरी एका सेकंदात एक मायक्रोसेकंद, म्हणजे ३०० मीटर घसरतो. शिवाय यूएसबीतून नमुने लॅपटॉपमध्ये कधी पोचतील याचा भरवसा नाही. म्हणून जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाला जो ठोका देतं, तो मी एका छोट्या सर्किटमधून क्षीण करून अँटेनाच्याच तारेत सोडला. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक सेकंदाची खूण आपोआप उमटली, दोन्हीकडं एकाच वेळची. तो ठोका काही दशांश-शतांश मायक्रोसेकंदांपर्यंतच चुकतो, आपल्या कामाला भरपूर. मग कुंपणाची प्रत्येक टिकटिक तिच्या आधीच्या आणि नंतरच्या खुणेमधून मोजायची.

एक केंद्र शाळेच्या गच्चीवर, दुसरं पाणवठ्याच्या वर, लाईनपासून लांब. मध्ये १.१ किलोमीटर. म्हणजे फरक कितीही झाला तरी ३.७ मायक्रोसेकंदांच्या वर जाणार नाही. त्याहून मोठा आला तर मोजणीच चुकली असं समजायचं. पहिल्या रात्री तसंच झालं, ११ मायक्रोसेकंद आला. दोन्ही फायलींत एक-एक टिकटिक पुढंमागं जुळवली असती तर चूक सेकंदाची झाली असती, म्हणजे कारण ते नव्हतं. शेवटी कळलं की एका मॉड्यूलला आंब्याच्या झाडाखाली पुरेसे उपग्रह दिसत नव्हते. ते गच्चीच्या कठड्यावर हलवलं आणि दुसऱ्या रात्री बसलं.

दोनशे ठोक्यांची सरासरी घेतली. फरक १.२ मायक्रोसेकंद, अधिकउणे ०.२. अंतरात सांगायचं तर शाळेपेक्षा पाणवठा ३६० मीटर जास्त लांब, अधिकउणे ६०. तिसरं केंद्र माझ्याकडं नव्हतं, म्हणून एकच अपास्त मिळाला. पण तो काकांच्या त्रिकोणातून तिरका गेला आणि तीनपैकी दोन कोपरे बाहेर पडले. नुसत्या वेळेनं उत्तर आलं नसतं. नुसत्या दिशेनंही आलं नव्हतं.

माणदेशी

वा! आणि उरलेला कोपरा?

वारणाकाठ

उरलेला कोपरा बापूंच्या भुईमुगाचा, आग्नेयेकडचा. बापू आमचे भावकीतलेच. त्यांना अण्णांनी स्वतः सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, तुझ्या कुंपणाचा झटका वाया जातोय म्हणून. रात्री आठला आम्ही पाचजण गेलो. मी बॅटरी विझवायला सांगितली. कोपऱ्याच्या डांबावर इन्सुलेटर चिरलेला, आणि प्रत्येक ठोक्याला तिथं निळी ठिणगी. कानानंही ऐकू येत होती, तीच टक्. रेडिओ माझ्या हातात होता. बापूंनी मशीन बंद केलं आणि रेडिओ एकदम स्वच्छ झाला. चालू केलं, टक्. पुन्हा बंद, शांत. नकाशावरच्या सगळ्या रेषांपेक्षा ती खात्री मोठी वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळे इन्सुलेटर तपासले, चार बदलले, तारेला टेकलेला पाला काढला. बापू म्हणतात, कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला आता झटका पहिल्यापेक्षा जोरात लागतो. म्हणजे निम्मी ताकद त्या ठिणगीत जात होती.

@माणदेशी, तुमच्यामुळे सुरुवातीलाच वाट सापडली. एक मात्र इथं सगळ्यांना हात जोडून सांगतो: कुंपणात घरची लाईट थेट सोडू नका. झटका मशीन क्षणभराचा झटका देतं आणि सोडतं. थेट विजेनं माणूस आणि जनावर तारेला चिकटून मरतं.

माणदेशी

दादा, आनंद झाला. अवांतर, पण याच विषयातलं: वळवाच्या दिवसांत आमच्या माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांवर वीज पडते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मी वाड्यावरच्या पोरांना टाकून दिलंय. वीज पडली की तिच्या रेडिओलहरी दूरदूरच्या सेन्सरांपर्यंत पोचतात आणि पोचण्याच्या वेळांवरूनच जागा काढतात. रेडिओत कडकड ऐकू येते तीच ती. तुमच्या दोन लॅपटॉपांचं मोठं रूप.

संगमावरची

हो! आणि तिथं केंद्रं एकमेकांपासून शंभर-शंभर किलोमीटरवर असली तरी चालतात, कारण वीज इतकी जोरदार असते. पाया, म्हणजे केंद्रांमधलं अंतर, जेवढा लांब, तेवढी तीच वेळेची चूक कमी महाग पडते.

वारणाकाठ

एक शेवटचं काम आहे. बापूंची टिकटिक गेल्यावर तिच्याखाली दबलेली दुसरी ऐकू यायला लागली. हळू आहे, अण्णांना त्रास नाही, पण ठोका वेगळा. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून मोजलं, आधीची १.२८ सेकंदांची होती, ही १.४१ ची. ती वारणेच्या पलीकडून येते, शाहूवाडीच्या बाजूनं. इकडच्या काठावरून पाच रेषा घेतल्या, पण गाव लहान आणि उगम लांब, त्यामुळे सगळ्या रेषा नदी ओलांडून एकमेकींना चिकटून धावतात. तारयंत्रकाकांनी सांगितलेली लांबलचक पट्टीच येते. पलीकडून कुणी एक रेषा दिली तर काम होईल. तिकडच्याही कुणाच्या कुंपणाची ताकद वाया जात असणार.

मलकापूरवाला

आजवर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. रविवारी कोकरूडच्या पुलाकडं येणंच आहे. घरी आजोबांचा जुना रेडिओ आहे, मध्यम लहरींचा, चालतो. काठी आणि होकायंत्र घेतो. कुठं उभं राहायचं तेवढं सांगा.